लॉगआउटनंतरही सर्व्हिस चालू हवी: लिंगर, सिस्टिम युनिट की क्रॉन?

लिनक्स सर्व्हर लोअर परळच्या ऑफिसात, तुम्ही कल्याण फास्टमध्ये. एसएसएचवरून (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) सिंकथिंगची (फाइली सिंक करणारा प्रोग्राम) यूजर सर्व्हिस, म्हणजे तुमच्या खात्याखाली चालणारी सर्व्हिस, चालू केलीत आणि वाटेत नेट गेलं. सिंक त्याच क्षणी थांबत नाही. कनेक्शन तुटल्याचं सर्व्हरला कळायलाच वेळ लागतो. पण तुमचं शेवटचं सेशन संपलं की सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिसेस चालू-बंद करणारं सॉफ्टवेअर) एरवी 10 सेकंद वाट पाहून तुमचा यूजर मॅनेजर, म्हणजे फक्त तुमच्या सर्व्हिसेस सांभाळणारी त्याची प्रत, आवरतं आणि त्याखालच्या सगळ्या सर्व्हिसेस बंद होतात. हा बग नाही, मुद्दाम ठरवलेली वागणूक आहे.

यावरचा सरळ उपाय म्हणजे ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ ही कमांड. लिंगर लावलं की मॅनेजर बूटबरोबर उठतो आणि लॉगआउटनंतरही राहतो. युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी) तुमच्याच होममध्ये, त्यामुळे बारीकसारीक बदलासाठी रूटवाल्याच्या (सर्व्हरचे सगळे अधिकार असलेल्याच्या) मागे लागायला नको. सर्व्हिस पडली तर युनिटमध्ये सांगितल्याप्रमाणे परत उठते. पॉडमन (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) रूटशिवाय चालवत असाल तर फार विचार करू नका, हेच घ्या.

खाचखळगे आहेत. नेटवरून उचललेल्या युनिटमध्ये ‘वाँटेडबाय’पुढे (कोणत्या टप्प्याबरोबर, म्हणजे टार्गेटबरोबर, उठायचं ते सांगणारी ओळ) मल्टी-यूजर टार्गेट असतं, यूजर मॅनेजरमध्ये ते नसतंच, तिथे डिफॉल्ट टार्गेट लिहावं लागतं. नाहीतर सर्व्हिस एनेबल दिसते आणि रीबूटनंतर ढिम्म हलत नाही. शिवाय यूजर युनिटला सिस्टिमच्या युनिटवर, म्हणजे नेटवर्क येण्यावर वगैरे, थेट अवलंबून राहता येत नाही. होम एन्क्रिप्ट केलेलं असून लॉगिनलाच उघडत असेल, तर लिंगर असूनही बूटला काही हाती लागत नाही.

काम तुमचं नसून ऑफिसचं असेल, उदाहरणार्थ रात्रीचा बॅकअप किंवा बिलिंगचा ॲप, तर सिस्टिम युनिट (एका यूजरऐवजी पूर्ण सर्व्हरच्या पातळीवर चालणारं) करा आणि त्यात ‘यूजर=’ लिहून वेगळं खातं द्या. रूट लागेल, पण बूटचा क्रम हातात राहतो. फक्त त्या खात्याची ‘रन/यूजर’मधली (एरवी लॉगिनबरोबर बनणारी) डिरेक्टरी तयार असेलच असं धरू नका; तिच्यावर विसंबणारे प्रोग्राम तिथे अडतात.

क्रॉनचं (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) ‘@रीबूट’ बूटला काम चालू करून देतं, पुढे काय झालं ते बघत नाही. टीमक्स किंवा नोहप (लॉगआउटनंतरही कमांड चालू ठेवणारी साधनं) हातातल्या कामापुरतं ठीक; लाइट गेली की संपलं. 2016 मध्ये सिस्टिमडी 230 ने लॉगआउटला यूजरच्या सगळ्या प्रोसेस मारण्याचं डिफॉल्ट केलं तेव्हा टीमक्सवाल्यांनी बरीच आरडाओरड केली. डेबियनने (लिनक्सचा एक डिस्ट्रो, म्हणजे एक प्रकार) ते डिफॉल्ट घेतलं नाही, म्हणून तिथे टीमक्स टिकतं. दुसऱ्या डिस्ट्रोवर आधी तपासा.

एसएसएच-एजंट (लॉगिनच्या किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम) किंवा नोटिफिकेशनसारख्या गोष्टींसाठी मात्र काहीच करू नका. तुम्ही नसताना चालू एजंट हवाच कशाला?

चार जणांच्या सर्व्हरवर ‘/वार/लिब/सिस्टिमडी/लिंगर’ अधूनमधून उघडून बघा. लिंगर लावलेल्या प्रत्येकाच्या नावाची एक रिकामी फाइल तिथे असते. नोकरी सोडून गेलेल्याचं नाव दिसलं तर ‘डिसेबल-लिंगर’.