जे.जे.चे वार्षिक कलाप्रदर्शन आणि पाहुण्या चित्रकाराचे प्रात्यक्षिक

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून डॉ. दादाभाई नौरोजी मार्गाने क्रॉफर्ड मार्केटकडे रोज हजारो माणसे चालत जातात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी सर ज. जी. कला महाविद्यालयाचे, म्हणजेच जे.जे.चे, फाटक पाहिलेले असते. पण त्या फाटकातून आत जाण्याचे कारण कुणाला सहसा मिळत नाही. वार्षिक प्रदर्शनाचे दिवस हे ते कारण आहे. यंदा मी लागोपाठ दोन दिवस तिथे गेले. पहिल्या दिवशी फक्त प्रदर्शन पाहिले आणि दुसऱ्या दिवशी एका पाहुण्या चित्रकाराचे व्यक्तिचित्रणाचे प्रात्यक्षिक अथपासून इतिपर्यंत पाहिले. या दोन्ही गोष्टी मुंबईतल्या कोणत्याही खासगी कलादालनापेक्षा सामान्य रसिकाला अधिक काही देतात, असे माझे मत झाले आहे.

१८५७ साली सुरू झालेली ही संस्था २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. मात्र तिथल्या प्रदर्शनाचे वेगळेपण या नव्या दर्जापेक्षा जुन्या वास्तूत अधिक आहे. १८७८ सालच्या त्या दगडी इमारतीतले उंच छताचे वर्गच प्रदर्शनासाठी रिकामे केले जातात, आणि जिथे वर्षभर काम चालले त्याच भिंतींवर ते काम लागते. जहांगीर कलादालनात चित्र येते तेव्हा त्याच्या मागे काय घडले याचा मागमूस उरलेला नसतो. इथे फरशीवर रंगाचे जुने थेंब असतात, कोपऱ्यात ईझल एकमेकांना टेकवून ठेवलेली असतात आणि चित्र काढणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा चित्राशेजारीच उभी असते. तिला विचारले की ती सांगते, आणि सांगताना तिला होणारा आनंद लपत नाही. मला वाटते, या प्रदर्शनाचे खरे मोल इथेच आहे.

सर्वांत जास्त वेळ मी मृत्तिकाकला विभागात घालवला. एका टेबलावर सुबक भांडी मांडलेली होती, पण माझी नजर गेली ती त्यांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका फळीकडे. तिच्यावर आगपेटीएवढ्या मातीच्या पट्ट्या ओळीने चिकटवलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर एक आकडा कोरलेला होता. त्या ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावर भाजून चढवल्या जाणाऱ्या काचेसारख्या लेपाच्या, चाचण्या होत्या. तिथल्या विद्यार्थिनीने मला दोन पट्ट्या शेजारी शेजारी दाखवल्या. एक हिरवी होती आणि दुसरी गर्द लाल. दोन्हींत घातलेला रंगद्रव्याचा घटक एकच, तो म्हणजे तांब्याचा ऑक्साइड. भट्टीत भरपूर हवा खेळती असेल तर तांबे हिरवा रंग देते, आणि हवा कोंडून आतला ऑक्सिजन कमी केला की तेच तांबे लाल होते. लाल मिळवणे अवघड असते, कारण शेवटच्या टप्प्यात थोडी जरी हवा आत शिरली तरी तो विरतो. भांड्याच्या काठावर, जिथे ग्लेझचा थर पातळ असतो, तिथे तर तो बहुधा विरतोच. तिने दाखवलेल्या लाल वाडग्याचा काठ पांढरट होता आणि तो तिने दोष म्हणून झाकला नव्हता. काच, धातू आणि आग यांच्याशी चाललेला हा व्यवहार मी आजवर पुस्तकांत वाचला होता. बोटाच्या अंतरावर ठेवलेल्या दोन पट्ट्यांनी तो मला पाच मिनिटांत समजला.

शिल्पकला विभागात ओल्या फडक्यांत गुंडाळलेले एक अपुरे मातीकाम होते आणि त्याच्या शेजारी त्याच विद्यार्थ्याने पूर्ण केलेले प्लॅस्टरचे डोके होते. याच संस्थेत शिकत असताना गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली, हे मराठी वाचकाला ठाऊक असते, आणि त्यामुळे या दालनात शिरताना अपेक्षा आपोआप वाढते. अपेक्षेला पुरे पडणारी दोन-तीन कामे मला आढळली. वस्त्रकला आणि अंतर्गत सजावट हे विभाग मी घाईने पाहिले, त्यामुळे त्यांच्याविषयी मत देणे योग्य होणार नाही.

रंगकला विभागातली चित्रे संख्येने सर्वाधिक होती. व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे यांत विद्यार्थ्यांचा हात पक्का दिसतो. अमूर्त चित्रांत मात्र अजून चाचपडणे आहे, आणि त्या वयात ते असणे स्वाभाविकही आहे. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे ज्या वर्गांतून शिकून १९४८ मध्ये बाहेर पडले आणि प्रभाकर कोलते यांनी जिथे दोन दशके शिकवले, तिथल्या मुलांवर अमूर्ताचे दडपण असणारच. मला सर्वांत भावले ते एक लहानसे जलरंगातले चित्र. लोकलच्या डब्यातल्या हाताने धरायच्या कड्या हा त्याचा विषय होता, माणूस त्यात एकही नव्हता. फक्त वीसेक कड्या गाडीच्या हेलकाव्याने एका बाजूला कललेल्या होत्या. कागद कोरा सोडून मिळवलेला स्टीलचा चकाकता पांढरा रंग पाहून मी त्या चित्रापाशी तीनदा परत गेले.

आता प्रात्यक्षिकाविषयी. पाहुण्या कलावंताला बोलावणे ही विद्यापीठांत सर्वत्र रूढ असलेली गोष्ट आहे, पण तिचे स्वरूप ठिकठिकाणी फार वेगळे असते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातल्या एका संस्थेत मी अशा व्याख्यानाला गेले होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, परिचय आणि प्रास्ताविक यांत पाऊण तास गेला. चित्रकाराला उरलेल्या वेळात त्याची चित्रे पडद्यावर भराभर सरकवावी लागली, आणि खिडक्या उघड्या असल्याने तीही धुवून निघाल्यासारखी फिकट दिसत होती. आदरातिथ्य आपल्याला प्रिय आहे आणि ते असावेही, पण ज्याचा आदर करायचा त्याचाच वेळ त्यात संपला, तर श्रोत्यांच्या हाती काही लागत नाही. त्या दिवसाची रुखरुख मला अजून आहे, आणि म्हणूनच जे.जे.तला अनुभव मी इतक्या सविस्तर लिहीत आहे.

इथे पाहुण्याचे नाव, गाव आणि शिक्षण एवढे दोन वाक्यांत सांगून झाले आणि लगेच काम सुरू झाले. मॉडेल म्हणून एक वृद्ध गृहस्थ उंच पाटावर बसले होते. एका बाजूने एकच दिवा होता, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्याचा अर्धा भाग छायेत होता. चित्रकाराने कॅनव्हासवर आधी पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवला आणि मग रेषा न काढता, डोळे किलकिले करून, फक्त छायेचा आकार एका सपाट रंगात भरला. वीस मिनिटांपर्यंत चित्रात नाक-डोळे नव्हते, आणि तरीही मागच्या रांगेतून ते गृहस्थ ओळखू येत होते. साम्य हे डोळ्यांच्या ठेवणीत असते अशी माझी समजूत होती. ते त्याआधीच, डोक्याच्या एकूण घडणीत आणि मानेच्या कलात असते, हे मी तिथे समोर घडताना पाहिले.

तासाभराने एक गोष्ट घडली, जी ध्वनिचित्रफितीत बहुधा कापली गेली असती. गालाचा जवळजवळ पूर्ण झालेला भाग चित्रकाराने पॅलेट नाइफने खरवडून काढला. सभागृहात हळहळ झाली. त्यांनी वळून शांतपणे समजावले की छाया आणि उजेड यांच्यामधली कड फार तीक्ष्ण झाली होती. गालाचे हाड गोल वळते, म्हणून तिथली कड मऊ हवी, आणि नाकाची सावली मात्र गालावर पडलेली असल्याने तिची कड स्पष्टच ठेवायला हवी. मग त्यांनी तो भाग पुन्हा रंगवला, आणि त्यांनी सांगितलेला फरक आम्हा सर्वांना दिसला. नंतरच्या प्रश्नोत्तरांत पहिल्या वर्षाच्या एका मुलाने विचारले की चित्र कुठे थांबवायचे हे कसे कळते. त्यावर त्यांनी तयार उत्तर दिले नाही. खरवडलेल्या जागेकडे बोट दाखवून ते म्हणाले की तिथे त्यांचे लक्ष त्या गृहस्थांवरून उडून स्वतःच्या ब्रशवर गेले होते, आणि असे झाले की ते थांबतात.

व्यक्तिचित्रणाची ही परंपरा या संस्थेत जुनी आहे. १९१९ मध्ये इथे प्रमुख म्हणून आलेल्या ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत मॉडेलवरून अभ्यास करण्याचे वर्ग आणि भित्तिचित्रणाचे शिक्षण सुरू केले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे नवी दिल्लीतल्या सचिवालयात भित्तिचित्रे केली. त्याआधी धुरंधर आणि हळदणकर या चित्रकारांच्या पिढीने यथार्थदर्शी रेखाटनाचा पाया घातलाच होता. चित्रकार लोकांसमोर चित्र काढतो आणि लोक दोन-दोन तास गप्प बसून पाहतात, ही महाराष्ट्रातल्या कलाजीवनाची मोठी मिळकत आहे, आणि कीर्तन-मैफलींत वाढलेल्या श्रोत्यांना ती सहज पेलते.

तुलनेसाठी बडोद्याचा उल्लेख करावासा वाटतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि त्याची ललित कला शाखा १९५० मध्ये सुरू झाली, इंदूरचे ना. श्री. बेंद्रे यांनी तिथे चित्रकलेचा विभाग उभा केला. कलाशिक्षणाला पदवीची आणि कलेतिहासाच्या अभ्यासाची जोड तिथे सुरुवातीपासून मिळाल्याने बडोद्यात चर्चेला अधिक वाव आहे, तर जे.जे.त हाताच्या कौशल्याला. शांतिनिकेतनच्या कलाभवनात डिसेंबरच्या आरंभी, नंदलाल बोस यांच्या जन्मदिनाच्या सुमारास, नंदन मेळा भरतो आणि तिथे विद्यार्थी-शिक्षकांच्या वस्तू परवडणाऱ्या दरात मिळतात. तिन्ही ठिकाणे पाहावीत. पण मराठी माणसाने आधी घराजवळचे पाहावे.

जे.जे.कडे माझे एक मागणे आहे. चित्राशेजारच्या नामपट्टीवर नाव, शीर्षक आणि माध्यम यांबरोबर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शब्दांतली दोन मराठी वाक्ये असावीत. विद्यार्थी शेजारी असतो तेव्हा ती लागत नाहीत, पण तो जेवायला गेलेला असतो तेव्हा लागतात.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून आधी चौकशी करावी. शक्यतो कामाच्या दिवशी, दुपारी जावे आणि किमान तीन तास हाताशी ठेवावेत. मुलांना अवश्य न्यावे. दहावीनंतर चित्रकलेकडे वळू पाहणाऱ्या मुलांच्या पालकांनी तर स्वतःही जावे. परतताना क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची उठावशिल्पे पाहावीत. ती इथेच शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांनी रचली होती. आणि पुढे टर्मिनसच्या दगडी भिंतींवरचे प्राणी, पक्षी व पाने पाहावीत, ज्यांच्या घडणीत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता.

तो पांढरट काठाचा लाल वाडगा मी विकत घेतला. त्याच्या बुडाशी भाजण्यापूर्वी कोरलेला १७ हा आकडा आहे, आणि फळीवरच्या सतराव्या पट्टीशी तो मी तिथेच ताडून पाहिला होता.