जुन्या सागवानी टेबलावर ३०४ स्टीलचा पत्रा: पाचपैकी चार

सागवानी टेबलाची चौकट पिढ्या काढते, वरच्या फळ्या मात्र आधी हार मानतात. तेलाचे डाग, चुलीवरून उतरवलेल्या गंजाचे (पातेल्याचे) काळे चटके, फटीत जाऊन बसलेली कणीक. पाय मजबूत असतील तर वर पत्रा मढवून घेणं नव्या टेबलापेक्षा स्वस्त पडतं. प्रश्न एवढाच की कोणता पत्रा, आणि तो बसवायचा कसा.

पत्र्याचं काम करणाऱ्या कूलरच्या दुकानात पहिला हाती येतो तो जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा. कूलरला, धान्याच्या कोठीला तो उत्तम, पण स्वयंपाकाच्या टेबलाला नको. त्यावरचं जस्त लिंबू, चिंच, ताक अशा आंबटाने विरघळतं, आणि ओलं भांडं रात्रभर राहिलं की खाली पांढरी पूड धरते. त्यावर पाटोडी थापायचा विचारही करू नये.

मग उरतं स्टील. ३०४, २०२ ही त्याच्या प्रतींची नावं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त आणि मिठाच्या पाण्यापुढे कच्चं. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही" म्हणतो, पण चुंबक २०२ लाही चिकटत नाही. त्याने फक्त ४३० ही चुंबकाला चिकटणारी प्रत ओळखू येते. २०२ पकडायचं तर ९ व्होल्टची बॅटरी आणि तपासणीच्या द्रावणाचा थेंब लागतो; थेंब लाल झाला तर ते २०० च्या घरातलं. चांगल्या दुकानात ही बाटली असते. थेंब टाकू न देणाऱ्याकडून माल घेऊ नये.

जाडी गेजमध्ये मागू नका. २२ गेज म्हणजे एका तक्त्यात ०.७१ मिमी आणि दुसऱ्यात ०.७९, आणि बिल नेहमी जाडाचं होतं. ०.८ मिमी म्हणा आणि स्क्रू गेज लावून बघा. ०.५ किंवा ०.६ चा पत्रा ढोलासारखा वाजतो आणि खलबत्ता आपटला की खड्डा पडतो. १ मिमी भक्कम आहे, पण गावातल्या बेंडिंग मशीनवर तो स्वच्छ वाकत नाही. चकचकीत आरशासारखा पत्रा आठ दिवसांत ओरखड्यांनी भरतो, म्हणून मॅट घ्या.

चार बाय अडीच फुटांच्या टेबलासाठी बाजूंची घडी धरून साधारण सव्वा एक्कावन्न बाय सव्वा तेहतीस इंचाचा तुकडा लागतो. ०.८ मिमीत त्याचं वजन ७ किलोच्या आसपास भरतं. माल किलोवर विकला जातो, तेव्हा काट्यावर हा आकडा डोक्यात ठेवा. आठ बाय चारचा अख्खा पत्रा घ्यावा लागला तर उरलेला तुकडा शेगडीमागच्या भिंतीला कामी येतो.

पत्र्याचा एक गुण कापला आहे तो बसवण्यातल्या कटकटीसाठी. सर्वात मोठी चूक म्हणजे पत्रा थेट जुन्या फळ्यांवर ठोकणं. मे महिन्यात आपल्याकडे लाकूड वाळून आक्रसतं, श्रावणात फुगतं. अडीच फूट रुंदीत हा फरक काही मिलिमीटरचा असतो. चारही बाजूंनी खिळलेला पत्रा मग मधोमध पोट काढतो, नाहीतर कोपऱ्यातला खिळा उपटतो. कारागीर म्हणतो पत्रा हलका होता. पत्र्याचा काही दोष नसतो.

म्हणून मध्ये १८ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय हवा, त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघून. पत्र्याचं उलट्या ताटासारखं झाकण करून घ्या: बाजू २५ मिमी खाली, आणि कडेची १० मिमी आत दुमडून चपटी, म्हणजे हात कापत नाही. झाकणाचं आतलं माप जुन्या टेबलापेक्षा प्रत्येक बाजूला ५ मिमी जास्त, आणि प्लाय त्या झाकणापेक्षा प्रत्येक बाजूला ३ मिमी कमी. कारागिराला "आतलं माप" हे शब्द दोनदा सांगा. बाहेरचं धरलं तर प्लाय आत जात नाही आणि सगळा पत्रा वाया.

झाकण गोधडीवर पालथं घाला. आत न्यूट्रल सिलिकॉनच्या रेघा चार-चार इंचांवर ओढा, प्लाय दाबून बसवा आणि वर गव्हाची पोती ठेवून दोन दिवस विसरा. २८० मिलीच्या दोन नळ्या पुरतात, कडेची फटही त्यातच भरते. रबराचा डिंक इथे नको: तो टेकताक्षणी धरतो, सरकवता येत नाही, आणि वर कढई थेट ठेवली की मऊ पडतो. मग जुन्या फळ्यांतून खालून ३५ मिमीचे आठ स्क्रू. फळी इंचभर जाड असेल तर ते प्लायमध्ये १० मिमी जातात, पत्र्याला भिडत नाहीत. मधल्या ओळीची भोकं गोल, कडेची फळीच्या रुंदीत लांबट, वॉशर लावून, म्हणजे लाकूड खालच्या खाली सरकतं. उंची पाऊण इंच वाढते. पायांची कुजलेली टोकं तेवढीच कापून टाका.

कोपरे आर्गन वेल्डिंगने जोडून घ्यावेत. ते कूलरच्या दुकानात सहसा नसतं, तालुक्याला दुधाच्या टाक्या करणाऱ्याकडे मिळतं. साध्या लोखंडी रॉडचा टाका गंजतोच. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: लोखंड घासलेली चकती स्टीलवर फिरवली की लोखंडाचे कण रुततात आणि पंधरा दिवसांत तांबूस ठिपके उठतात. गिऱ्हाईक म्हणतं ३०४ नकली निघालं. आपल्याकडे गंज चुलीवर चढतो, इथे तो टेबलावर चढलेला दिसतो! नवी चकती मागा. ठिपके आलेच तर निंबूफुलाचा (सायट्रिक ॲसिडचा) लेप थोडा वेळ ठेवून धुवा.

वरची निळी-पांढरी फिल्म काम होईपर्यंत राहू द्या, नंतर लगेच काढा. उन्हात तापलेल्या टिनाच्या छपराखाली तिचा डिंक असा चिकटतो की रॉकेल लावून घासत बसावं लागतं. लोखंडी तारेची घासणी, ब्लीचिंग पावडर आणि फरशीचं ॲसिड यांना टेबलाजवळ फिरकू देऊ नका. लोणच्याचा खार रात्रभर सांडलेला राहिला तर ३०४ वरही बारीक खड्डे पडतात. खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग मात्र अर्ध्या लिंबाने जातात.

होळीपासून मृग लागेपर्यंत कूलरवाले कोणाचं ऐकत नाहीत. माप घेऊन दिवाळीनंतर जा.