जैसलमेर-सम कॅम्प पॅकेज: एका मोसमानंतर वरखर्चाचा हिशेब

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, एकाच कंपनीचं २ रात्री-३ दिवसांचं पॅकेज, पाच ग्रुप. एक रात्र शहरात, एक समच्या (वाळूच्या टेकड्यांजवळच्या) कॅम्पवर. तंबू, दाल-बाटी, कालबेलिया नाच हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. लिहायला बसवलं ते व्हाउचरवरच्या एका ओळीने: 'कॅमल राइड समाविष्ट'.

समाविष्ट आहे, खोटं नाही. पण कुठून कुठपर्यंत ते लिहिलेलं नाही, आणि सगळा वरखर्च इथूनच सुरू होतो. सम जैसलमेरपासून सुमारे ४० किमी. 'सम' म्हणून विकले जाणारे काही कॅम्प मात्र त्याच रस्त्यावर अलीकडे, कनोईच्या आसपास आहेत. तिथून उंटावर बसून मोठ्या टेकड्या गाठणं शक्य नाही. मग फुकटचा उंट कॅम्पमागच्या सपाट रेताडावर दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणतात. सूर्यास्त टेकडीवरून बघायचा तर जीप करावीच लागते. कागदावर ऐच्छिक, प्रत्यक्षात सक्तीची.

कॅम्प टेकड्यांना लागून असला तरी सुटका नाही. उंट रेतीच्या कडेला थांबतो आणि उंटवाला म्हणतो, "सनसेट पॉइंट आगे है, साब." पुढचे पैसे वेगळे. त्याला दोष नाही, त्याला कंपनीने कडेपर्यंतचेच पैसे दिलेले असतात. म्हणून अॅडव्हान्स भरण्याआधी व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या: कॅम्पचं लोकेशन, उंट कुठे सोडणार, परत आणणार की नाही, एका उंटावर एक की दोन. फोनवरच्या 'हो हो, सगळं आहे'ला काडीचीही किंमत नाही.

जीपबद्दलचं मत मात्र मध्येच बदलावं लागलं. पहिल्या दोन ग्रुपांनंतर वाटत होतं की जीपही पॅकेजमध्येच घालून घ्यावी. तिसऱ्या ग्रुपला तशी घेतली, तर एका जीपमध्ये आठ जण कोंबले, फेरी आखूड आणि वेळ त्यांच्या सोयीची. आता जीप बाहेरच ठेवतो. भाव माणशी सांगितला तर ऐकून घ्यायचा आणि विचारायचं: पूर्ण जीपचे किती, किती मिनिटं, सूर्यास्ताला टेकडीवर थांबणार का. सहा जणांत वाटली की परवडते. पाठीचं दुखणं असलेल्यांना वगळूनच माणसं मोजा, कारण उतारावर जीप जोरात आपटते.

वेळेचंही पैशातच मोजा. डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शहरातून तीनला निघालं तर सामान टाकून, चहा घेऊन जमतं. गाडी चारला आली की उंट गेला, जीपही गेली, आणि 'समाविष्ट' गोष्टीचा परतावा मिळत नाही. स्टेशन ते कॅम्प गाडी धरली आहे का, तेही बघा. 'जैसलमेर ते जैसलमेर' लिहिलेल्या पॅकेजात हे ४० किमी कधी कधी तुमच्या माथी येतात.

शहरातली तिकिटं किरकोळ, पण संख्येने बरीच. किल्ल्यातलं राजवाड्याचं संग्रहालय वेगळं, जैन मंदिरं वेगळी. पटवा हवेली म्हणजे पाच हवेल्या. त्यात सरकारी भाग आणि खासगी संग्रहालय यांची तिकिटं निराळी. कुलधरा या ओसाड गावाला माणशी तिकीट आणि वर गाडीचं. गाडीचं कोण भरणार यावर ड्रायव्हरशी वाद ठरलेला. मोठी गाडी किल्ल्यात जात नाही, तेव्हा ज्येष्ठांसाठी रिक्षाचे पैसे ठेवा.

तनोट-लोंगेवाला (सीमेजवळचं मंदिर आणि १९७१च्या लढाईची जागा) हा सर्वांत मोठा खड्डा. जैसलमेर-तनोट सुमारे १२० किमी. लोंगेवाला, रामगढ करून परत येईपर्यंत २७०च्या आसपास. पॅकेजची गाडी दिवसाला ८० किमीची असेल तर १९० किमी जादा. किमीला १५ रुपये धरले तरी २,८५० रुपये, वर ड्रायव्हरचा भत्ता. हे आधी ठरवलं नाही तर शेवटच्या दिवशी सामान डिकीत असताना हिशेब निघतो आणि मग घासाघीस करायला तोंड उरत नाही.

थंडीत हीटर आणि जादा रजई यांचे पैसे आकारतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलाच गारठा असतो. रजई आधी मागा, संपतात. ३१ डिसेंबरला 'गाला डिनर' सक्तीचा असतो, दर विचारूनच तारीख धरा. पाण्यासाठी शहरातून २० लिटरचा जार घ्या. दहा जणांना एक रात्र पुरतो आणि कॅम्पवरच्या बाटल्यांचा खर्च वाचतो.

टेकड्यांवर रेंजचा भरवसा नाही, यूपीआय अडकतं. १०, २०, ५०च्या नोटा मिळून माणशी ५०० रुपये सुटे हवेत, कारण तिथे ५००ची नोट दिली की सुटे कुणाकडेच नसतात. उंटवाला, जीपवाला आणि कलाकार यांना काय द्यायचं ते ग्रुपने आदल्या रात्री ठरवून एकाच्याच हातात द्यावं. नाचात ओढलेला प्रत्येक जण वेगळी नोट काढतो आणि तिथेच आकडा फुगतो.

एकूण पॅकेजच्या २५ टक्के वर ठेवा, तनोट करणार असाल तर गाडीचा आकडा त्यावर निराळा. ५ टक्के जीएसटी दरात धरलाय की नाही, तेही विचारा.

पाचपैकी तीन तारे. जेवण चांगलं, तंबू स्वच्छ. एक तारा उंटाने नेला, एक गाडीच्या वेळेने. तक्रारीनंतर फेब्रुवारीच्या व्हाउचरवर त्यांनी 'कॅमल राइड (कॅम्प परिसरात)' असं छापलं. कंस आला, दर तोच राहिला.