एलएलबी सीईटी: मुलांना ऑनलाइन क्लास लावून द्यावा की गावातच अभ्यासिका चालवावी?

तुमच्या ओळखीत पदवीच्या शेवटच्या वर्षाची पाच-सहा मुलं आहेत, घरात कॉलेजपर्यंत पोचलेली तीच पहिली, त्यांना तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेला, बसवायचंय आणि गाठीशी थोडी वर्गणी आहे, असं धरून लिहितो. आम्ही बीड जिल्ह्यातल्या तालुका कोर्टातले तिघं वकील. पहिली दोन वर्षं मुलांच्या ऑनलाइन क्लासची फी भरली. नंतरची तीन वर्षं वाचनालयाच्या मागच्या खोलीत रोज संध्याकाळी स्वतः बसतोय.

क्लासचं चांगलं आधी सांगतो. पेपरात जवळपास एकतृतीयांश गुण इंग्रजीचे असतात आणि आमची मुलं तिथंच मागे पडतात. त्या शिक्षकांइतकं नेमकं इंग्रजी मला शिकवता येत नाही. चालू घडामोडींची टिपणंही दर महिन्याला तयार मिळायची, ती अजून आमच्याकडच्यांपेक्षा सरस असतील. आणि राज्यभरातल्या मुलांमध्ये आपण कुठे आहोत हे सराव चाचणीत कळतं. तालुक्यात बसलेल्या मुलाला त्याचा फार आधार वाटतो.

वेळेची अडचण होतीच. दिवाळीच्या सुमारास घरचे ऊसतोडीला कारखान्यावर जातात. मागे राहिलेल्या मुलीच्या वाट्याला आजी, धाकटी भावंडं आणि शेळ्या येतात. सातचं लाइव्ह लेक्चर म्हणजे चुलीपुढं बसायची वेळ. तरी रेकॉर्डिंग रात्री बघता येतं, म्हणून एवढ्यावरून मी क्लास सोडला नसता.

सोडला तो मराठीवरून. राज्याच्या सीईटीत प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असतात. क्लासच्या चाचण्या मात्र सगळ्या इंग्रजीत. दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर एक मुलगा माझ्याकडे आला. चाळीसच्या आसपास चाचण्या सोडवलेल्या, तरी कायद्याच्या भागात गुण हलत नव्हते. ‘कन्सिडरेशन’ हा शब्द त्याला पाठ होता, अर्थ विचारला तर ‘विचार करणे’ म्हणाला. मी तोच प्रश्न मराठीत वाचला: प्रतिफलाशिवाय केलेला करार, काही अपवाद सोडले तर, शून्य ठरतो. १८७२ च्या करार कायद्याचं हे २५ वं कलम. ‘प्रतिफल’, म्हणजे कबुलीच्या बदल्यात मिळणारं काहीतरी, हा शब्द तर त्यानं कधी ऐकलाच नव्हता. म्हणजे परीक्षेत दोन्ही भाषांतला प्रश्न समोर असूनही त्याला एकीचाही उपयोग झाला नसता.

मग त्याला म्हटलं, ‘बाबांनी मुकादमाकडून उचल घेतली, ती कशाच्या बदल्यात?’ ‘हंगामभर कोयता चालवायच्या.’ ‘मग मुकादमानं दिलेली उचल हे बाबांच्या कबुलीचं प्रतिफल, आणि बाबांचं काम हे उचलीचं.’ मिनिटभर गप्प बसला आणि पुढचे चार प्रश्न त्यानं बरोबर सोडवले. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना तोच समजावून सांगत होता. ज्यांची घरं उचलीवर आणि अंगठ्यावर चालली, त्यांना करार म्हणजे काय हे नव्यानं शिकवावं लागत नाही, फक्त त्याचं नाव सांगावं लागतं. क्लासला मराठी चाचण्या मागून पाहिल्या. पुढे इंग्रजीच लागणार, असं उत्तर आलं. ते खरं आहे, पण पुढे जायला आधी प्रवेश तर मिळायला हवा.

आणखी एक गोष्ट. बरेच क्लास मुळात क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, धर्तीवर शिकवतात. तिथं चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, म्हणून खात्री नसेल तर प्रश्न सोडा, असं बिंबवलं जातं. आपल्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण जात नाहीत. आमची एक मुलगी वीसेक प्रश्न कोरे ठेवून आली होती.

अभ्यासिकेत आम्ही फार काही करत नाही. जुन्या प्रश्नांचा संच, एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र, शनिवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर. प्रत्येक प्रश्न आधी मराठीत वाचायचा, मग इंग्रजीत, आणि अनोळखी शब्दांची जोडी वहीत लिहायची: वादी, अपकृत्य, दायित्व, स्थावर, जंगम. या वह्या पुढच्या तुकडीला मिळतात.

कागदपत्रांचंही तसंच. जानेवारीत एका रविवारी सगळ्यांनी आपापली फाइल आणायची. जात पडताळणी, नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, तेही त्याच दिवशी बघतो. पदवीला खुल्या गटाला ४५, इतर मागासांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण कॅपमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच, प्रवेश घ्यायचा, संस्थेच्या कोट्यातून घेतला तर शुल्काच्या सवलतीला मुकावं लागतं, हे घरी सांगणारं कुणी नसतं. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आमच्या दोन मुलींच्या घरचा नकार एवढ्या माहितीनं बदलला.

तुमची मुलं इंग्रजी माध्यमातली असतील, किंवा बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०२२ पासून सुरू झालेल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे त्यांचा डोळा असेल, तर कदाचित क्लासच घ्या. तिथली प्रवेश परीक्षा पूर्ण इंग्रजीत, लेखी उत्तरंही लिहायची, आमची खोली तिथं तोकडी पडेल. शिवाय रोज दीड तास बसणारं कुणी तुमच्याकडे नसेल, तर नुसती खोली उघडून भागत नाही, हेही पाहिलंय.

आम्ही यंदा वर्गणीतून फक्त इंग्रजीचा दोन महिन्यांचा क्लास घेतलाय. खोलीत एकच मोठा पडदा लावून सगळे मिळून बघतात, मध्ये थांबवून प्रश्न विचारतात. बाकीचे पैसे लांबच्या वस्त्यांवरून येणाऱ्या दोघींच्या एसटी पासला ठेवलेत.