पॅट्रियट: मारा अचूक, किल्ली वॉशिंग्टनकडे

रशियाच्या इस्कंदर-एमसारखी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं पाडायला युक्रेनकडे पॅट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेला तोड नाही. एका लाँचरवर पॅट्रियटच्या पॅक-२ प्रकारची ४ क्षेपणास्त्रं बसतात, पॅक-३ एमएसईची १२. गोची पुढे आहे: लाँचर रिकामा झाला की भरणार कोण? जर्मनीला स्वतःच्या साठ्यातून द्यायची म्हटली तरी अमेरिकेची परवानगी लागते. विक्रीपश्चात सेवा म्हणाल, तर सगळा लहरी कारभार. ३ मार्च २०२५ ला ट्रम्प यांनी युक्रेनची लष्करी मदत रोखली, पाठोपाठ गुप्त माहितीही. ११ मार्चला जेद्दामध्ये झेलेन्स्कींच्या शिष्टमंडळाने ३० दिवसांच्या युद्धविरामाला होकार दिला आणि पुरवठा सुरू झाला. रशियाला हवा असलेला पूर्वेकडचा डोनबास प्रदेश सोडायला मात्र एवढ्याने कीव्ह बधलं नाही. रशिया सोडत असलेल्या स्वस्त शाहेद ड्रोनवर ही क्षेपणास्त्रं उडवणं शुद्ध उधळपट्टी. तिथे युक्रेनचे स्वतःचे इंटरसेप्टर (शत्रूचे ड्रोन हवेतच पाडणारे) ड्रोन बरे, त्यांना वॉशिंग्टनची सही लागत नाही.