स्कोलिओसिसचा योगसंच: सामान ठीक, तक्ता उलटा

‘पाठीचा बाक घरच्या घरी सरळ’ असं खोक्यावर छापलेले योगसंच हल्ली ऑनलाइन सर्रास मिळतात. खोक्यातून निघतं ते असं: सहा मिलिमीटर जाडीची मॅट, फोमच्या दोन विटा, आठ फुटी सुती पट्टा, एक जाडजूड लोड, भिंतीला लावायचा दोर, त्याचे दोन हुक आणि बारा आसनांचा रंगीत तक्ता. तक्त्यावर व्हिडिओचा क्यूआर कोड असतो. पार्सल तालुक्याच्या कुरियर ऑफिसपर्यंतच येतं, पुढे लोडासकट एसटीत आणायची तयारी ठेवा.

सामानाबद्दल तक्रार फार नाही. खरी गोम तक्त्यात आहे. त्यात प्रत्येक आसनाखाली ‘दोन्ही बाजूंनी ३० सेकंद’ असं लिहिलंय, आणि स्कोलिओसिसमध्ये नेमकं तेच चालत नाही. या दुखण्यात मणक्यांची माळ एका बाजूला झुकते आणि झुकता झुकता धुणं पिळावं तशी पिळलीही जाते. म्हणून एका बाजूच्या बरगड्या मागे फुगतात, दुसऱ्या बाजूच्या आत दबतात. फुगलेल्या बाजूचे स्नायू ताणून थकलेले, दबलेल्या बाजूचे आखडलेले. दोघांना सारखाच व्यायाम दिला तर फरक होता तिथेच राहतो. एका बाजूला लांब करायचं आणि दुसरीला बळ द्यायचं, हा योगोपचाराचा सगळा हिशेब. तो तक्त्यात कुठेच नाही.

त्यामुळे खोकं फोडण्याआधी बाक कुठल्या बाजूचा हे कळलं पाहिजे. पोरीला (वाढीच्या वयात बाक वाढत जाण्याचा धोका मुलींना जास्त) पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही हात जोडून कमरेतून वाकायला सांगा आणि मागून डोळा पाठीच्या उंचीवर आणून बघा. एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर बाकाचा फुगवटा त्या बाजूला. उभं राहिल्यावर गवंड्याचा ओळंबा मानेच्या बुडाशी सगळ्यात उठून दिसणाऱ्या मणक्यावर धरून खाली सोडा. दोरी ढुंगणाच्या मधल्या रेषेवर पडायला हवी. बाजूला पडली तर किती सेंटिमीटर, ते तारखेसकट वहीत लिहा. हे दर महिन्याला, शक्यतो सकाळीच करा. दिवसभर उभं राहून, वाकून संध्याकाळी बाक थोडा जास्त दिसतो.

पण हा घरचा अंदाज झाला. आकडा एक्स-रेवरच निघतो, आणि तो उभ्यानं काढलेला, मानेपासून खुब्यापर्यंतचा हवा. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये बाक कमी दिसतो. तालुक्यात एवढी लांब फिल्म नसली तर दोन तुकड्यांत काढून जोडतात, चालतं. फिल्मवर मोजतात तो कॉब कोन, म्हणजे बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या सगळ्यात कललेल्या मणक्यांमधला कोन. १० अंशांच्या खाली त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. वाढ चालू असताना २५ अंशांच्या पुढे गेला की ब्रेसचा (धडाला बांधायच्या टणक आधारपट्ट्याचा) विचार होतो, आणि ४५ ते ५० च्या पुढे शस्त्रक्रियेचा. मोजणीत पाचेक अंशांची चूक धरलेलीच असते. म्हणून २२ चा १९ झाला की योगाचा गुण आला म्हणून पेढे वाटू नका, आणि २४ झाला की रडूही नका.

आता लोड. संचातला २४ इंच लांब आणि ९ इंच जाड आहे, आत सिंथेटिक फायबर. पहिल्या आठवड्यात टणक वाटतो, दोन महिन्यांत मध्ये खड्डा पडतो. खड्डा पडलेल्या लोडावर पाठ टेकली की शरीर आपल्या जुन्या बाकातच जाऊन बसतं. विदर्भासारख्या कापसाच्या मुलखात राहून फायबरचा लोड कुरियरनं मागवायचा, याला काय म्हणावं! पिंजाऱ्याकडून तीन किलो रुई ठासून भरून घ्या, खोळ मांजरपाटाची दुहेरी शिवा. सरकी नीट निघालेली आहे ना, तेवढं बघा. राहिली तर उंदीर लोड फोडतात, आणि टोचतेही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे या बाकाला लागणारा लोड ९ इंची नाहीच. सगळ्यात उपयोगाची स्थिती कुशीवर झोपायची आहे, आणि तिला ४ इंच जाड, दीड फूट लांब, जेमतेम अर्धा किलो रुईचा छोटा लोड लागतो. तो या संचात नाही. नेहमी आढळणारा प्रकार घेऊ: छातीच्या भागात बाक, फुगवटा उजवीकडे. माणसानं उजव्या कुशीवर झोपायचं, म्हणजे फुगलेली बाजू खाली. छोटा लोड बरगड्यांच्या सगळ्यात फुगलेल्या जागेखाली आडवा ठेवायचा. ही जागा बहुधा खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाच्या आसपास सापडते. लोड काखेत सरकला तर हाताला मुंग्या येतात आणि कमरेखाली गेला तर नुसती कंबर दुखते, बाकाला काहीच मिळत नाही. डोक्याखाली घडी घातलेली चादर अशी, की मान लोंबकळणार नाही. वरचा डावा हात कानावरून पुढे लांब. मग नाकानं सावकाश श्वास घ्यायचा आणि तो वरच्या, दबलेल्या डाव्या बरगड्यांत भरायचा. घरच्या कुणी तिथं तळहात ठेवला तर श्वास कुठे जातोय ते लगेच कळतं: हात वर उचलला गेला पाहिजे. तीन मिनिटांपासून सुरुवात, पाचपर्यंत. दुसऱ्या कुशीवर हे करायचं नाही. तक्त्याची ३० सेकंदांची सवय इथे मोडावीच लागते.

संचातल्या ९ इंची लोडावर हीच स्थिती केली तर खालचा खांदा जमिनीवरून उठतो, डोकं अधांतरी राहतं आणि माणूस श्वास धरून कसाबसा वेळ काढतो. तो लोड पालथं झोपताना छातीखाली किंवा शवासनात गुडघ्यांखाली घ्यावा, तिथे छान आहे.

फोमच्या विटा वजनाखाली दबतात. हातानं दाबून बघा, बोट रुतत असेल तर त्या हाताच्या आधाराला घ्यायच्या नाहीत. सुताराकडे सागाचे उरलेसुरले तुकडे असतातच. ९ बाय साडेचार बाय ३ इंचाच्या दोन विटा कापून घ्या, कडा पॉलिशपेपरनं गोल करा. सागाला उधई सहसा लागत नाही, हा फायदा वेगळाच. पट्टा चांगला आहे, लोखंडी कडी घसरत नाही. मॅट शहाबादी फरशीवर धरते, सारवलेल्या जमिनीवर मात्र मॅटखालची मातीच सुटते आणि मॅट घसरते. तिथे खाली ओली पिळून पसरलेली सतरंजी घाला. मे महिन्यात घामानं मॅट निसरडी होते, त्या दिवसांत व्यायाम पहाटे साडेपाचलाच उरकावा.

दोर आणि हुक यांबद्दल स्पष्टच सांगतो: मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतीत हे हुक ठोकू नका. सोबतचा प्लास्टिकचा प्लग सिमेंटच्या भिंतीतही माणसाचं वजन पेलण्यासारखा वाटत नाही. लोखंडी अँकर फास्टनर (भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट) घ्या, सुमारे तीन फूट उंचीवर, आणि कमरेत दोर घालून वाकण्याआधी घरातल्या दोन मोठ्या माणसांनी एकदम ओढून बघा. भिंत तशी नसेल तर खिडकीचे गज पुरतात. समोर उभं राहून दोन्ही हातांनी कमरेच्या उंचीवर उभे गज धरायचे, मागे चालत जायचं, पाठ टेबलासारखी आडवी होईपर्यंत. मग हात तसेच फुगवट्याच्या बाजूला, आपल्या उदाहरणात उजवीकडे, एक-दोन गज सरकवायचे. डाव्या बरगड्या उघडताना जाणवतात. भिंतीचे दोर आणि लाकडी विटा ही पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीची देणगी. मूळ साधन उत्तम, इथली बसवायची सूचना निष्काळजी. दोरानं पाठ लांबते ती तेवढ्यापुरतीच, हेही कुठे तरी छापायला हवं होतं.

बळ देणारा व्यायाम म्हणून तक्त्यात भुजंगासन, धनुरासन, चक्रासन आहेत. छातीच्या बाकात पाठीचा नैसर्गिक गोलवा बहुतेकदा आधीच सपाट झालेला असतो. जोराच्या मागे वाकण्यानं तो आणखी सपाट होतो. खोल पीळ देणारी आसनंही स्वतःच्या मनानं नकोत. त्याऐवजी वसिष्ठासन (कुशीवर होऊन एका हातावर अंग तोलायचं आसन) घ्यावं, फुगवट्याची बाजू खाली ठेवून. २०१४ साली अमेरिकेतल्या डॉ. लॉरेन फिशमन यांनी २५ जणांकडून हेच एक आसन एका बाजूनं करवून घेतलं आणि नेमानं करणाऱ्यांचे कोन कमी झाल्याचं नोंदवलं. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे ते आश्वासक म्हणावं, सिद्ध नाही. सुरुवात तळहातावर नको. उजवं कोपर खांद्याच्या बरोबर खाली, उजवा गुडघा जमिनीवर, कंबर उचलायची. १० सेकंद, तीन वेळा. आठवड्याला ५ सेकंद वाढवा. कंबर लोंबली की थांबायचं, कारण लोंबत्या कमरेनं बाकावरच भार येतो. बाक ‘एस’सारखा दुहेरी असेल, छातीत उजवा आणि कमरेत डावा, तर हे आसन खोक्यावरून शिकू नका. एका बाकाला मानवेल ते दुसऱ्याला बाधू शकतं.

शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. विदर्भात योग नवा नाही. नागपूरच्या रामनगरातल्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाची परंपरा आहे, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. पण गावातल्या समाजमंदिरात भरणारा सकाळचा वर्ग म्हणजे उपचार नव्हे. तिथे चाळीस जण एका तालावर बारा सूर्यनमस्कार घालतात, आणि बाकाची पोरगी मागच्या रांगेत तेच घालते. शिक्षकाला एकच विचारा: ‘एक्स-रे बघून कुठली बाजू खाली ठेवायची ते सांगाल का?’ फिल्म उजेडाला धरूनही न बघता जो ‘सगळ्यांना सगळं चालतं’ म्हणेल, त्याला फी देऊ नका. हाड बसवणाऱ्याकडे तर नेऊच नका. पिळलेला मणका झटक्यानं बसत नाही.

आणि काही पाठी योगाच्या आधी दवाखान्याच्या आहेत. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायात बधिरपणा किंवा कमजोरी, लघवीवरचा ताबा जाणं, छातीत डावीकडे फुगवटा, सहा महिन्यांत डोळ्यांना दिसेल इतका वाढलेला बाक: यांतलं काहीही असेल तर वर्ध्याजवळच्या सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात हाडांचे डॉक्टर गाठा. ब्रेस सांगितला असेल तर ‘योग चालू आहे’ म्हणून तो काढून ठेवू नये. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हेच प्रमाण ४८ टक्के होतं. ब्रेस दिवसाचे किमान १८ तास घालायचा होता. योग उरलेल्या तासांतला. खोक्यावर ब्रेसचं नावही नाही.

घ्यायचंच तर पट्टा आणि मॅट सुटी घ्या, बाकी गावात होतं. वाचलेल्या पैशांत एक्स-रे आणि जाणत्याकडची एक-दोन वेळची खेप भागते.

संच आधीच घरात असेल तर शेवटची एक अडचण. व्हिडिओतली बाई आपल्याकडे तोंड करून बसते. ती ‘उजवा हात’ म्हणते तेव्हा पडद्यावर तो आपल्या डाव्या हाताच्या समोर येतो. निरोगी माणसाचं यानं काही बिघडत नाही, बाकाच्या पोरीचा मात्र अख्खा व्यायाम उलट्या बाजूनं होतो. फुगवट्याच्या बाजूच्या मनगटाला लाल दोरा बांधून टाका. कुशीवर झोपताना आणि वसिष्ठासनात दोऱ्याचा हात खाली.