ऐन मे महिन्यात वीज गेली तर : इन्व्हर्टर, जनरेटर की मुक्काम हलवणे?

नागपूर, अकोला किंवा चंद्रपूर येथे वयस्कर आई-वडील इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असतील, तर उन्हाळ्यात वीज गेल्यावर काय करायचे, हे त्या घराने मार्च महिन्यातच ठरवून ठेवायला हवे. दुकानात या प्रश्नाचे उत्तर ‘बॅकअप’च्या तासांत मिळते. परंतु पंखा किती तास फिरेल यापेक्षा त्या पंख्याखाली झोपलेला माणूस सुरक्षित राहील का, हे पाहणे महत्त्वाचे आहे. इन्व्हर्टर, जनरेटर आणि वेळेवर थंड जागी मुक्काम हलवणे या तीन पर्यायांची तुलना येथे त्याच कसोटीवर केली आहे.

कडक उन्हाळा आणि वीज जाणे यांचा संबंध योगायोगाचा नाही. कूलर आणि एसी एकाच वेळी चालू झाले की डीपीवरील, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरील, भार वाढतो आणि बाहेरची हवाही तापलेली असल्याने ट्रान्सफॉर्मरला थंड व्हायला सवड मिळत नाही. म्हणूनच गरज सर्वाधिक असते त्याच वेळी तो बंद पडण्याची शक्यता अधिक असते. रात्री बिघाड झाला, तर धोका आणखी वाढतो. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो आणि दिवसाच्या ताणातून शरीराला सावरण्यासाठी मिळणारे एवढेच काही तास हातचे जातात. घाम कमी येणारे वृद्ध, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे आणि काही मानसिक आजारांवरील औषधे घेणारे यांना याचा फटका सर्वांत आधी बसतो. ही औषधे मनाने बंद करायची नसतात. उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांकडून त्यांच्या मात्रेचा फेरविचार करून घ्यायचा असतो.

इन्व्हर्टरकडे बहुतेकांचा कल असतो आणि तो योग्यही आहे, पण त्याचा हिशेब नीट मांडायला हवा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॉट-तास वीज असते. व्यवहारात सुमारे १२०० वापरता येतात. प्रत्येकी ७५ वॉटचे दोन साधे पंखे त्यावर आठेक तास चालतील. तेच दोन पंखे ३०-३५ वॉटचे बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटारीचे) असतील, तर सतरा-अठरा तास निभावता येईल. एक मोठा कूलर मात्र सहा-सात तासांतच ही बॅटरी संपवतो. त्यामुळे दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणे बहुधा स्वस्त आणि अधिक उपयोगी ठरते. येथे एक गोष्ट नेहमी निसटते : लेड-अ‍ॅसिड बॅटरी पुरती उतरल्यावर भरायला दहा-बारा तास लागतात. पहिली रात्र निभावली आणि दिवसभरात वीज तुटक-तुटकच आली, तर दुसऱ्या रात्री बॅटरी अर्धीच असते, आणि शरीर मात्र पहिल्या रात्रीनेच थकलेले असते.

पंख्यालाही मर्यादा आहे. हवा त्वचेपेक्षा अधिक तापलेली असेल, तर पंखा अंगावर उष्णताच आणून टाकतो. दिलासा मिळतो तो केवळ घाम वाळण्यामुळे. तापमान ४० अंशांच्या पुढे गेल्यावर केवळ पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दुपारी कोरड्या अंगावर पंख्याचा झोत घेण्यापेक्षा हात, मान, छाती आणि पाय वारंवार ओल्या कापडाने पुसून मग वारा घेणे कितीतरी अधिक परिणामकारक असते. त्यासाठी पाणी हवे. विजेबरोबर मोटार बंद पडते, गच्चीवरची टाकी रिकामी होते, आणि कूलरला तर तासाला कित्येक लिटर पाणी लागते. म्हणून विदर्भात इन्व्हर्टरइतकेच पाण्याचे भरलेले पिंप मोलाचे आहे. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत हिशेब उलटा होतो : तेथे कूलर जवळजवळ निरुपयोगी ठरतो, पण तापमान बहुधा ४० च्या आत राहत असल्याने साधा पंखा बरेच काम करतो. तेथे इन्व्हर्टर घ्यायला फारसा विचार करावा लागत नाही.

जनरेटर एसीसुद्धा चालवू शकतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. सोसायटीचा जनरेटर असेल, तर तो सदनिकेत वीज देतो की फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांना, हे आधी विचारून घ्यावे. अनेक ठिकाणी तो फक्त लिफ्ट, पंप आणि दिव्यांपुरताच असतो. स्वतःचा छोटा जनरेटर फ्लॅटमध्ये घेण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. २०२१ मध्ये ‘आयडा’ चक्रीवादळानंतर अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स परिसरात अनेक दिवस वीज नव्हती; तेव्हा काही जण बंद घरांतील उष्म्याने दगावले, तर काही जण जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडने. या वायूला रंग नाही, वास नाही. जनरेटर घरापासून आणि खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर, उघड्यावर ठेवावा लागतो. बाल्कनीत हे शक्यच नाही. स्वतःचे आवार असलेल्या बंगल्यासाठी हा पर्याय विचारात घेता येईल.

छतावर सौर पॅनल आहेत म्हणून निश्चिंत असलेल्यांनी हे लक्षात घ्यावे की, बॅटरी नसलेली, ग्रीडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) जोडलेली साधी यंत्रणा वीज जाताच आपोआप बंद होते. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याच्या जिवासाठी ती सोय आवश्यकच आहे.

मुक्काम हलवण्याला खर्च जवळजवळ नाही, तरी हा पर्याय सर्वांत कमी वापरला जातो, कारण ‘येईलच आता लाइट’ या आशेवर रात्र काढली जाते. तळमजल्यावरचे शेजारी किंवा शहरातील नातेवाईक यांच्याशी आधीच बोलून ठेवावे आणि त्यांचे घर वेगळ्या फीडरवर (उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीवर) आहे का, हेही विचारावे. एकाच फीडरवरील दोन्ही घरे एकाच वेळी अंधारात जातात. माझ्या मते, खोलीतील तापमापक ४० अंश दाखवू लागला, किंवा रात्री आठपर्यंत वीज आली नाही आणि बॅटरी निम्म्याखाली गेली, तर ज्येष्ठांना हलवावे. लिफ्ट बंद असताना चार मजले उतरणे आठ वाजता जमते. ग्लानी आलेल्या माणसाला पहाटे दोन वाजता खाली आणणे फार कठीण जाते.

तेव्हा प्रकृती बरी असलेल्या ज्येष्ठांच्या घरी बीएलडीसी पंखे, साइन वेव्ह (घरच्या विजेसारखाच प्रवाह देणारा) इन्व्हर्टर, पाण्याचा साठा आणि मुक्काम हलवण्याची ठरलेली वेळ एवढी तयारी मला पुरेशी वाटते. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल, तर ती पुरत नाही : पाच लिटरचे यंत्र सुमारे ३००-३५० वॉट वीज घेते आणि वर सांगितलेली बॅटरी तीन-चार तासांतच संपते, म्हणून भरलेला सिलिंडर घरात हवाच. इन्सुलिनसाठी फ्रीजचे दार बंदच ठेवले तर सुमारे चार तास गारवा टिकतो. त्यानंतर इन्सुलिन पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून ओल्या माठात ठेवावे. आणि कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग भाजल्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपली, तर कोणताही पर्याय तोलत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहावे. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये.